अडगळीतली गोगलगाय

गारखेडा, छ. संभाजीनगर
१४ जुलै २०२५

संस्कृतीताई,

वर मायना काय लिहावा यातच माझी पंधरा मिनिटं गेली. ‘तीर्थरूप’ लिहावं तर तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी लहान. ‘चिरंजीव’ लिहावं तर तुम्ही माझ्या नणंद, म्हणजे मानाच्या. शेवटी नुसतं नाव लिहिलं. कमी वाटलं तर अलीकडं जागा सोडली आहे, हवं ते भरून घ्या.

तुम्हाला लातूरच्या होस्टेलवर सोडून सगळे परत आले आणि घर एकदम मोठं झालं. क्लासवाल्यांनी मोबाईल बंद केला, आठवड्यातून पाच मिनिटं वॉर्डनबाईंचा फोन, तोही मागं वीस मुली रांगेत उभ्या असताना. म्हणून पत्रं लिहायची असं आपण ठरवलं. लग्नाला सात महिने झाले, तुमच्या दादांनी मला एक चिठ्ठी लिहिली नाही. पत्रं लिहायची ती नणंदेला, हे माझं नशीब.

तुमचा मोबाईल माझ्याकडं सुखरूप आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड टाकला आणि तुमचा तो ‘वाइल्डोरा’ गेम उघडला. तुम्ही सांगितल्याप्रमाणं रोज दुपारी, आई जरा आडव्या झाल्या की, त्यातल्या प्राण्यांना दाणापाणी घालते. दुसऱ्या कशाला हात लावत नाही. शपथ.

एकच विचारायचं होतं. तुमचे ते सहा राक्षस वरच्या रांगेत झोकात उभे असतात. खाली ‘अडगळ’ नावाचा कप्पा केलाय, त्यात एकशे चाळीस जण कोंबलेत. त्यांना कोण खाऊ घालतं? एक गोगलगाय तर माझ्याकडंच बघत बसते. मला तिच्यासमोर जेवायला संकोच होतो.

अभ्यास करा. तात्या दूधवाल्यालाही सांगतात, “आमची डॉक्टर लातूरला हाय.” काल त्यानं लगेच गुडघा दाखवला.

तुमची,
तनुजा वहिनी

*

मुलींचं वसतिगृह, बॅच २, लातूर
२२ जुलै २०२५

वहिनी,

पहिली गोष्ट, ताई म्हणणं बंद करा. इथं मला फक्त वॉर्डनबाई अहो-जाहो करतात, आणि त्या करतात तेव्हा माझं काहीतरी चुकलेलं असतं. तुमचं पत्र उघडलं तर आधी वाटलं, आता मी काय केलं? ‘तू’ लिहा. मीही ‘तू’ लिहिणार. आईसमोर काय म्हणायचं ते आपण नंतर बघू.

दुसरी गोष्ट, अडगळीतल्यांना काही घालू नकोस. ते जिंकत नाहीत म्हणून तिथं आहेत. या गेममध्ये चांगले कोण आणि टाकाऊ कोण याच्या याद्या निघतात, आणि सगळा देश त्याच यादीतले सहा-आठ प्राणी घेऊन खेळतो. तुझी ती गोगलगाय यादीत सगळ्यात खाली आहे. हळू आहे, मार कमी देते, दिसायलाही धड नाही. तिच्या नजरेला भुलू नकोस.

वरच्या सहांना मात्र जीव लाव. त्यांच्या जोरावर मी देशात दोनशे बाराव्या नंबरवर आहे. आपल्या घरात दुसऱ्या कुणाचा देशात नंबर असेल तर सांग. दिवाळीनंतरच्या रविवारी, २६ ऑक्टोबरला, उस्मानपुऱ्यात एका हॉलमध्ये शहराची स्पर्धा आहे. पंधरा ऑक्टोबरला जे पहिल्या हजारात असतील त्यांनाच प्रवेश. मी दिवाळीला चार दिवस येणार आणि त्या इंद्रजीतला हरवणार. दोन वर्षं तोच जिंकतोय आणि जिंकला की कॉलर टाईट करतो.

माझं इथं झकास चाललंय. पहिल्या चाचणीत बॅच दोन मिळाली. सात बॅच आहेत, म्हणजे बघ.

संस्कृती (नुसती)

*

गारखेडा
११ ऑगस्ट २०२५

संस्कृती,

ताई गेली. आई समोर आल्या की परत येईल.

आता एक सांगते, ते उभ्यानं वाचू नकोस. खाली बस. जवळ पाणी ठेव.

तुझ्या ड्रॅगनला, त्या पायरोसारला, दाणा घालताना माझं बोट घसरलं आणि ‘लढा’ दाबलं गेलं. समोर कुणी ‘किलर नांदेड’ म्हणून होता. त्यानं चार वारांत ड्रॅगन आडवा केला. त्या मेलेल्या प्राण्यापेक्षा मला त्या नांदेडवाल्याचा राग आला, म्हणून मी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. गेलेला नंबर तुला कळायच्या आत भरून काढावा, एवढाच हेतू होता गं.

नंबर आता तीन हजार आठशे आहे.

तुझ्या दादांना सांगितलं तर ते सोफ्यावर लोळून हसले. म्हणाले, “तिनं तुला माहेरी पाठवायला सांगितलं तर मी मधे पडणार नाही.” तू काय ती शिक्षा दे. पण आधी मला खेळायला शिकव, कारण आता मला सोडवत नाही.

अपराधी,
तनुजा

*

बॅच २, लातूर
१७ ऑगस्ट २०२५

वहिनी,

तीन हजार आठशे. मी तुझं पत्र मेसच्या दारात, उभ्यानंच वाचलं. सगळ्यांना वाटलं घरी काहीतरी झालंय. मी म्हटलं, झालंयच.

शिक्षा अशी. पंधरा ऑक्टोबरच्या आत नंबर हजाराच्या आत आणायचा. कसा ते ऐक. दोघांनी चार-चार प्राणी आणायचे, एका वेळी एकासमोर एक. दोघंही आपापला वार निवडतात, जो चपळ त्याचा आधी बसतो. पायरोसारचा महाजाळ हा गेममधला सगळ्यात मोठा वार. पहिल्या फेरीलाच महाजाळ, दुसऱ्या फेरीला महाजाळ, समोरचा खलास. विचार करत बसायचं नाही. तू नक्की विचार करत बसत असशील.

दादाला म्हणावं, लोळून झालं असेल तर बायकोला चहा करून दे. तिचं ट्रेनिंग सुरू आहे.

आणि खरंच, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. इथं दर शनिवारी नंबरांची यादी भिंतीवर लागते. मुली तिच्यासमोर अशा उभ्या राहतात की तुझे तीन हजार आठशे म्हणजे मला गंमतच वाटली. बऱ्याच दिवसांनी हसले.

संस्कृती

*

गारखेडा
९ सप्टेंबर २०२५

संस्कृती,

गुरू म्हणून तुझा मान ठेवून सांगते, तुझी शिकवण चुकीची आहे.

मी महाजाळ टाकते. समोरचाही महाजाळ टाकतो. त्याच्याकडंही पायरोसार, माझ्याकडंही पायरोसार, आणि त्याचं बोट माझ्यापेक्षा तयार. सगळ्यांना सगळं पाठ आहे. गणपतीत एका दुपारी चिडून मी तुझ्या सहांमधल्या एकाला बाहेर काढलं आणि गोगलगायीला आत घेतलं. हरायचंच आहे तर ओळखीच्या माणसाबरोबर हरावं.

आणि संस्कृती, जिंकले!

ती शंखात शिरली की मार निम्माच बसतो. एक फेरी शंखात, एक फेरी दव पिऊन अंग भरून काढते. तिचा चिकटा लागला की समोरच्याला आपला प्राणी मागं घेता येत नाही, आणि चिकट्यानं तो थोडा थोडा झिजतो. हे सगळं खेळायच्या माहितीतच लिहिलंय, फक्त कुणी वाचत नाही. पण खरी गंमत पुढं आहे. महाजाळ एका सामन्यात पाचदाच टाकता येतो. पाच! तुला माहीत होतं का? बघ, तुलाही नव्हतं. कारण तुम्ही सगळे दोन फेऱ्यांत जिंकता नाहीतर हरता, सहावी वेळ कुणावर येतच नाही. मी शंखात बसून मोजते. पाच झाले की तो ड्रॅगन नुसता दात विचकत उभा. मग मी चहा ठेवते आणि येऊन बघते, अजून झिजतोय.

तू आता लिहिशील, पैठणची आहे, पैठणी विणणाऱ्यांच्या गावची, म्हणून एवढा धीर. तर आमच्या घरात कुणी मागाला हात लावलेला नाही. आमचा मोसंबीचा बाग. माझा धीर हा पैठणच्या स्टँडवर कॉलेजच्या एसटीची वाट बघून आलाय.

नंबर एक हजार चारशे साठ. नांदेडवाला परवा पुन्हा भेटला. त्यानं मधेच खेळ सोडून दिला.

तात्या पेपर वाचता वाचता विचारतात, “गोगलगाय जिती हाय का?” मी म्हणते, “आहे तात्या.” ते म्हणतात, “बेस.”

तुझा बरेच दिवसांत कागद नाही. अभ्यास जोरात दिसतोय.

तनुजा

*

बॅच ७, लातूर
२८ सप्टेंबर २०२५

वहिनी,

दिवाळीला मी येत नाही. इथं जादा तास आहेत, मी स्वतःच थांबते म्हटलं. तात्यांना तसंच सांग.

स्पर्धेचं सोडून दे. गोगलगाय खालच्या नंबरवाल्यांना हरवते कारण ते मूर्ख आहेत. वर गेलीस की चिरडतील. याद्या उगाच होत नाहीत. जे खाली असतं ते कशासाठी तरी खाली असतं, त्याला शंखात बसवून कुणी वर नेत नाही.

मला आता गेमचं काही लिहू नकोस. वेळ नाही.

संस्कृती

*

गारखेडा
६ ऑक्टोबर २०२५

संस्कृती,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी मला वाईट वाटलं. वाटलं, पोरीचा नंबर मी घालवला, वर शहाणपण शिकवलं, म्हणून रुसली. दोन दिवस तसंच धरून बसले. तुझ्या दादांवर विनाकारण दोनदा ओरडले.

परवा तुझी सगळी पत्रं एकत्र ठेवताना पत्ते बघितले. पहिल्या दोन्हींवर बॅच दोन. या शेवटच्यावर बॅच सात. सवयीनं खरा पत्ता लिहून गेलीस, लपवायला विसरलीस. मग पत्र पुन्हा वाचलं. ते गोगलगायीबद्दल नव्हतंच.

मी कुणाला बोलले नाही, तू म्हणेपर्यंत बोलणारही नाही. पण फुकट गुपित घेऊन ठेवणं मला बरं वाटत नाही, म्हणून माझं एक देते. माझ्या बायोडाट्यात ‘बी.एस्सी.’ असं लिहिलंय ना, त्याला पाच वर्षं लागलीत. दुसऱ्या वर्षाचं गणित दोनदा गेलं. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मी नाथसागरावर जाऊन दिवसभर बसले, घरी सांगितलं मैत्रिणीकडं होते. तुझ्या दादांना हे माहीत आहे. आईंना नाही. त्या आल्या-गेल्याला सांगतात, “सून गणितात हुशार.” मी आत जाऊन पोळ्या लाटते.

तेव्हा तू आणि मी आता एकमेकींच्या मुठीत. लिही. मोठं लिही. आणि मला नुसत्या बातम्या नकोत, तू बरी आहेस का ते हवं.

गेमचं लिहू नकोस म्हणालीस, म्हणून नंबर सांगत नाही. (नऊशे ऐंशी.)

तनुजा

*

बॅच ७, लातूर
१३ ऑक्टोबर २०२५

वहिनी,

पाच वर्षं! आणि मी मैत्रिणींना सांगत होते, माझी वहिनी आकडे मोजून ड्रॅगन मारते.

बरी नाहीये. ऑगस्टच्या शेवटी बॅच पाच झाली, सप्टेंबरात सात. सातच्या खाली बॅच नाही, म्हणून सात. दिवाळीला थांबले नाही, थांबवलंय. शेवटच्या बॅचला सुट्टी नाही. फिजिक्सची गणितं समोर आली की तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसते. येत असलेलंही येत नाही. शनिवारी यादी लागते म्हणून शुक्रवारपासून जेवण जात नाही.

पहिल्या वेळी मार्क कमी पडले तेव्हा तात्या मला काही म्हणाले नाहीत. नुसते म्हणाले, अजून एक वर्ष देऊ. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आता मी त्यांना काय सांगू? मला डॉक्टर व्हायचंय का, हेसुद्धा मला सांगता येत नाही. कधी कुणी विचारलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही.

तात्यांना सांगू नकोस. मी सांगेन. कधी ते माहीत नाही.

आणि कृपा करून ‘गोगलगायीसारखी तूही एक दिवस’ वगैरे लिहू नकोस. तुझ्या डोक्यात ते आलंय, मला इथून दिसतंय.

पण स्पर्धेला जा. माझ्या नावाचं खातं आहे, घरच्या कुणी खेळलं तर स्पर्धावाल्यांना चालतं, मी मागच्या वर्षी विचारलं होतं. इंद्रजीत घाईचा आहे. समोरचा हळू खेळला की पाय हलवायला लागतो, तेव्हा त्याच्या चुका होतात. मला बघायचंय काय होतं ते. इथं बसून बघायला एवढं एकच काहीतरी आहे.

तुझी,
संस्कृती

*

गारखेडा
२७ ऑक्टोबर २०२५

चि. संस्कृतीस तात्याचे आशीर्वाद.

मी तुला याआधी कधी पत्र लिहिलं नाय. सूनबाई लिहितात, मी टाकून येतो, एवढंच माझं काम. आज मुद्दाम बसलोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नको.

तुझ्या दादाची, विश्वजीतची, काल वाळूजला कंपनीत शिफ्ट होती. सूनबाई म्हणल्या, “तात्या, मला उस्मानपुऱ्यात सोडता का?” म्हणलं, चला. मला वाटलं लग्नाबिग्नाला असंल. हॉलमध्ये जाऊन बघतो तर दीडशे पोरंपोरी मोबाईल घेऊन बसलेली, भिंतीवर मोठा पडदा. सूनबाई जरीच्या साडीत. त्यांनी तुझ्या आईला सांगितलं होतं हळदीकुंकवाला चालले, म्हणून. सगळे बघाया लागले. मी मागच्या रांगेत बसलो.

शेजारी एक पाव्हणा, पागोटं घातलेला, हातात काठी. मल्हारी नाव. मेंढरं हायत त्याची, पोरगी पॉलिटेक्निकला. तो म्हणला, “तुमची मुलगी खेळती का?” म्हणलं, “नाय, सून.” त्यानं माझ्याकडं लई येळ बघितलं. मग म्हणला, “बरं केलंत आणली ते.”

पहिल्या दोन लढती सूनबाई जिंकल्या. मला टाळ्यांवरून कळलं. तिसऱ्याला तो तुझा इंद्रजीत आला. पोरगं देखणं हाय. पडद्यावर गोगलगाय आली तसा हॉल हसाया लागला. तो म्हणला, “दीदी, ये घोंघा लेके आए क्या? सच्ची?” सूनबाई म्हणल्या, “हौ.”

मग सुरू. त्याच्या ड्रॅगननं जाळ काढला की आपली शंखात. तो थांबला की ही दव पिती. जाळ, शंख. जाळ, शंख. मल्हारी म्हणला, “हे असंच चालणार का?” म्हणलं, “पाव्हणं, मी पण आताच आलोय.” पण संस्कृती, मी घरी पेपर वाचतो तवा ऐकत असतो. मला ठावं होतं पाच मोजायचे. मी बोटावर मोजले. पाचवा झाला तसा मी उठून उभा राहिलो अन् म्हणलो, “सूनबाई, संपला त्याचा दारूगोळा!” सगळा हॉल माझ्याकडं बघाया लागला. एका पोरानं मला खाली बसवलं. इंद्रजीतचा पाय लटलट हलत होता. त्यानं सहाव्यांदा जाळ दाबला, निघंना. परत दाबला. निघंना. प्राणी माघारी घ्यावा तर चिकट्यानं धरलेला. पुढं अर्धा तास ती गोगलगाय त्याचे चारी प्राणी एकेक करून झिजवीत बसली. मग पोरं उठून पुढं आली अन् खाली बसून बघाया लागली. कुणी हसत नव्हतं.

हरल्यावर त्यानं उठून सूनबाईंना पाणी आणून दिलं. “ये चाल सिखाई किसने?” म्हणला. सूनबाई म्हणल्या, “नणंदेचा प्राणी आहे. ती बॅच सातला आहे, लातूरला.” असं म्हणल्या अन् माझ्याकडं बघून त्यांचं तोंड पांढरं पडलं. तोंडातून निघून गेलं त्यांच्या. त्यांना बोल लावू नको.

फायनल त्या मल्हारीच्या पोरीसोबत झाली. ज्ञानेश्वरी. बोलंना-चालंना अशी. तिनं काय काढलं म्हणशील? उडती वाळवी! हॉल परत हसला. मल्हारीनं मला हळूच विचारलं, “वाळवी कुणी पाळतं का?” पण ती उडती, म्हणून चिकटा लागंना, अन् शंख पोखरती. चार फेऱ्यांत आपली गोगलगाय संपली. पुढचे तिघंही पटापट गेले. मल्हारी म्हणला, “आपली जितली का हारली?” म्हणलं, “तुमची जितली.” त्यानं पागोटं काढलं अन् परत घातलं.

सूनबाई हसत होत्या. मी म्हणलं, हरल्या अन् हसता? त्या म्हणल्या, “तात्या, माझ्यासारखीच आणखी एक आहे या शहरात.” दोघी पडद्याखाली उभ्या राहून तासभर बोलत होत्या. मी अन् मल्हारी वाट बघत बसलो. चहा त्यानं पाजला.

स्कूटरवर घरी निघालो. क्रांती चौकात सिग्नलला म्हणल्या, “तात्या, मी तुम्हाला काही सांगितलं नाही.” म्हणलं, “व्हय, तुम्ही नाय सांगितलं.”

आता तुला सांगतो. तुझ्या क्लासचा दर शनिवारी माझ्या मोबाईलवर मेसेज येतो. मार्क, बॅच, सगळं. पहिल्या दिवसापासून येतोय. फॉर्मवर नंबर माझाच हाय ना. दोनची पाच झाली, पाचची सात झाली, सगळं मी वाचलंय. तुला वाटलं असंल तात्याला वाचता येत नाय. चष्मा लागतो, बाकी येतं.

मग बोललो का नाय? म्हणलं, पोरगी सांगंल. तू म्हणलीस जादा तासाला थांबते, मी म्हणलं, बरं. लोकांना ‘आमची डॉक्टर’ म्हणत राहिलो, कारण मधीच थांबलो असतो तर लोकांनी विचारलं असतं का थांबला. हे माझं चुकलं. तू तिकडं एकटी अन् मी इकडं एकटा, एकच गोष्ट धरून बसलो.

रविवारी दोन तारखेला मी येतोय. एकटाच. काही ठरवून येत नाय. तू म्हणशील ते ऐकायला येतोय.

तात्या

*

बॅच ७, लातूर
९ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

उपविजेतीबाई, अभिनंदन. जरीची साडी नेसून हळदीकुंकवाच्या नावाखाली शहरातल्या पोरांना झोपवून आलीस. दादाला म्हणावं, आता जपून राहा.

‘बॅच सातला आहे’ हे तोंडातून निघून गेलं यासाठी तू तीन पानं माफी लिहिलीस. पुरे. मी स्वतः सांगायला आणखी सहा महिने घेतले असते.

तात्या आले. सकाळी नऊची भेटीची वेळ, ते आठपासून गेटवर. आम्ही आवारातल्या बाकावर बसलो. मी सगळं पाठ करून ठेवलं होतं, ते एका वाक्यात संपलं. मग रडले. तात्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. त्यांना रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते कळत नाही, हे तुलाही माहीत आहे. त्यांनी एवढंच विचारलं, “घरी यायचं?”

मी म्हटलं, “डॉक्टर नाही झाले तर?”

ते लगेच ‘काही बिघडत नाही’ म्हणाले असते तर मला खरं वाटलं नसतं. त्यांनी विचार केला. मग म्हणाले, “मला थोडं वाईट वाटंल. खोटं कशाला बोलू. काही दिवस वाटंल. मग नाय वाटणार.”

वहिनी, मी ते मनात दोनदा म्हणून बघितलं. थोडं वाईट, काही दिवस. मला वाटत होतं घर खचेल.

घरी मात्र आले नाही. तात्यांनी बॅग भरायला सांगितली असती तर भरली असती. पण त्यांनी विचारलं, म्हणून मला विचार करावा लागला. मेमध्ये परीक्षा देते. मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर तिसरं वर्ष करणार नाही, दुसरं काही शिकेन. हे मी म्हटलं आणि तात्यांनी मान हलवली. जाताना वॉर्डनबाईंना म्हणाले, “शनिवारचे मेसेज मला नका पाठवू. तिला वाटलं तर ती सांगंल.” वॉर्डनबाई म्हणाल्या, तसं करता येत नाही, कॉम्प्युटर पाठवतो. तात्या म्हणाले, “मग मी वाचणार नाय.”

बॅच सातचं एक सांगायचं राहिलं. आम्ही एकोणीस जणी आहोत आणि आम्हाला बद्रीनाथ सर शिकवतात. ते वरच्या बॅचला जात नाहीत, कारण त्यांना एक गणित शिकवायला पूर्ण तास लागतो. बुधवारी मी आयुष्यात पहिल्यांदा हात वर करून म्हटलं, “सर, पहिल्या ओळीपासूनच कळलं नाही.” मला वाटलं सगळ्या हसतील. मागून चार जणी म्हणाल्या, “आम्हालाही.” सर खूश झाले. पहिली ओळ त्यांनी चाळीस मिनिटं शिकवली.

त्या ज्ञानेश्वरीचा पत्ता पाठव. मला वाळवीचं विचारायचंय. आणि खातं आता तुझ्या नावावर करून घे. इथून सुटल्यावर मी नवीन उघडेन आणि तुला हरवीन.

काल शनिवार होता. यादी लागली. मी वर्गातून निघाले ती सरळ मेसमध्ये गेले, जेवले, आणि मग परत येताना बघितली. बॅच सातच आहे. पण वहिनी, आमटीत मीठ जास्त पडलं होतं. माझ्या ते पहिल्या घासाला लक्षात आलं.

तुझी,
संस्कृती